रायपूरची खिडकी: शेजाऱ्याचा हक्क, रस्त्याची रेषा आणि नगर निगमची परवानगी

१ जुलै १८८२ रोजी मध्य प्रांतात एक नवा कायदा लागू झाला. भारतीय सुविधाधिकार अधिनियम हे त्याचं आजचं मराठी नाव. कोर्टात आणि वकिलांच्या तोंडी तो इझमेंट अ‍ॅक्ट. सुरुवातीला तो साऱ्या हिंदुस्थानासाठी नव्हताच. मद्रास इलाखा, मध्य प्रांत आणि कुर्ग एवढ्याच मुलखाला तो लागू होता. मुंबई इलाख्यात तो आला १८९१ मध्ये. पुण्यातल्या पेठांमधल्या किंवा गिरगावातल्या खिडकीला या कायद्याची कलमं मिळाली त्याच्या नऊ वर्षं आधी रायपूरच्या खिडकीला ती मिळाली होती.

आज रायपुरात कुणी जुन्या घराची खिडकी किंवा दार बदलायला काढलं की पहिला प्रश्न येतो तो नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा: परवानगी लागेल का? या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं नाही, कारण त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांत एकावर एक चढलेले तीन थर आहेत. शेजाऱ्याचा हक्क हा सगळ्यात खालचा थर. त्यावर रस्त्याचा हक्क बसला आणि सगळ्यात वर आला तो इमारतीचा नियम. बहुतेकांना फक्त वरचा थर दिसतो. भांडणं मात्र जास्त करून खालच्या दोन थरांतून उगवतात.

शेजाऱ्यापासून सुरुवात करू. १८८२ च्या कायद्याचं १५ वं कलम सांगतं, की एखाद्या इमारतीला ठरावीक जागेतून उजेड आणि हवा सलग २० वर्षं, कुणाच्या अडथळ्याशिवाय, शांतपणे मिळत आली असेल तर ती पुढेही मिळत राहण्याचा हक्क तयार होतो. शेजाऱ्याने मध्येच भिंत आडवी घातली आणि घरमालकाने ती माहीत असूनही वर्षभर मुकाट्याने सोसली, तर ही वर्षांची साखळी तुटते. २८ वं कलम त्याहून बारकाईचं आहे. वहिवाटीने मिळालेला हक्क तेवढ्याच उजेडाचा आणि हवेचा, जेवढा त्या उघड्या जागेतून त्या सगळ्या काळात येत आला. खिडकी पुढे रुंद केली म्हणून हक्क रुंद होत नाही. मोजली जाते ती भिंतीतली मोकळी जागा. तिच्यात सागवानी चौकट आहे की अ‍ॅल्युमिनियमची, हा या कायद्याचा विषयच नाही.

याच कायद्याच्या १८ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे. एखाद्या गावात अशी रूढी असते, की शेजाऱ्याच्या घरातल्या आडोशावर डोळा पडेल अशी नवी खिडकी कुणी काढायची नाही. अशा गावात दोन शेजाऱ्यांना एकमेकांविरुद्ध हा हक्क आपोआप मिळतो. घरातला जो भाग बाहेरच्या नजरेला सहसा दिसत नाही, त्यावर उघडणारी खिडकी एकाने दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध काढायची नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात ही रूढी मान्य केली. वाद नव्या बांधकामातून शेजारच्या घरातल्या बायकांच्या वावराच्या जागेवर पडणाऱ्या नजरेचा होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा या जुन्या कलमाची आणि खटल्याची आठवण निकालपत्रात निघाली. खासगीपणाच्या भारतीय इतिहासातल्या पहिल्या पानांपैकी एक पान असं खिडकीवर लिहिलेलं आहे, आणि ते जिथे सर्वांत आधी लागू झालं त्या मुलखात रायपूर होतं, हे रायपूरकरांनी अभिमानाने सांगायला हवं.

तेव्हाचं रायपूर कसं होतं? नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड १७४१ मध्ये जिंकला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. १७८७ मध्ये ते वारले, आणि मग सुभेदारांचा काळ आला. १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झालं आणि त्याबरोबर हा प्रदेशही इंग्रजांकडे गेला. कारकून, शिक्षक, वकील, पुजारी अशा अनेक नात्यांनी मराठी कुटुंबं इथे येत राहिली. तात्यापारा ही त्यांची जुनी वस्ती. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्र्याहून काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे साथीदार वामन बळीराम लाखे हे याच समाजातले. सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच वारले. शहरातली सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावं त्यांचीच.

या कुटुंबांच्या घरांची दारं-खिडक्या दोन परंपरांच्या मिलाफातून आली. छत्तीसगडच्या मातीच्या घराला बाहेरच्या भिंतीत मोठी खिडकी नसते. घर आतल्या अंगणाकडे आणि परछीकडे, म्हणजे ओसरीकडे, तोंड करून असतं. रस्त्याकडे जाड भिंत, वर खपरा, आणि उजेडासाठी उंचावर छोटा झरोका. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या गावात हे शहाणपणाचंच होतं. मराठी घराने त्यात भर घातली ती लाकडी चौकटीची, गजांची आणि चार झडपांच्या खिडकीची. खालच्या दोन झडपा लावून घ्यायच्या म्हणजे आडोसा राहतो, वरच्या दोन उघड्या ठेवायच्या म्हणजे वारा येतो. लाकूड जवळच्या रानातलं: साग, बीजा, आणि छत्तीसगडात ज्याला सरई म्हणतात तो साल. चौकट भिंत चढत असतानाच बसवली जायची, त्यामुळे ती काढायची म्हणजे भिंतीला हात घालणं आलंच.

दुसरा थर रस्त्याचा. रायपूरला नगरपालिका आली १८६७ मध्ये. सुरुवातीची तिची कामं सफाई, दिवाबत्ती, बाजार आणि पाण्याची. खारून नदीचं पाणी शहरात आणणारी योजना १८९२ च्या सुमारास पुरी झाली, आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा राजनांदगावचे महंत बलरामदास यांनी उचलला म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. नळ आले की रस्ते खणले जातात, गटारं बांधली जातात, आणि मग कुणाचा ओटा किती पुढे आलाय, कुणाचा सज्जा कुठवर लटकतोय, हे दिसू लागतं. मध्य प्रांताचे नगरपालिका कायदे १८८९, १९०३ आणि १९२२ साली झाले.

दारा-खिडक्यांना सरकारी नियम लागणं फक्त इथेच घडत नव्हतं. १६६६ च्या आगीत होरपळलेल्या लंडनने १७०९ मध्ये कायदा केला, की लाकडी खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत बसवायची; म्हणजे एका घराची ज्वाळा शेजारच्या चौकटीला सहज चाटणार नाही. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्याचं ३११ वं कलम तळमजल्याच्या दारा-खिडक्यांवर आहे: त्या रस्त्यावर उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत असतील तर त्या बदलून घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि चाळींतल्या आंधळ्या खोल्या हा सार्वजनिक प्रश्न झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम चालवला: समोरच्या इमारतीची उंची आणि मधली मोकळी जागा यांचं प्रमाण असं हवं, की खिडकीतून आभाळाचा उजेड आत पोचेल. आग, वाट आणि रोग या तीन भीतींतून खिडकीचे सरकारी नियम जन्मले. रायपूरच्या वाट्याला त्यांतली मुख्यतः वाटेची आली, कारण इथली जुनी बाजारपेठ रस्त्यांच्या कडेने दाटीवाटीने वाढली होती.

स्वातंत्र्यानंतर रायपूर मध्य प्रदेशात गेलं आणि १९५६ च्या महापालिका कायद्याच्या कक्षेत आलं. नगर निगम झालं ते १९६७ मध्ये. या कायद्याचं २९३ वं कलम हा दारा-खिडक्यांच्या परवानगीचा कणा आहे. आयुक्तांच्या परवानगीशिवाय कुणी इमारत बांधायची नाही, पुन्हा उभारायची नाही, आणि इमारतीच्या बाह्यांगात महत्त्वाचा फेरबदलही करायचा नाही. रस्त्याच्या रेषेपुढे आलेला भाग नव्याने बांधायचा असेल तर त्यालाही परवानगी हवी. ठरलेल्या मुदतीत नकार कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, आणि मिळालेली परवानगी एक वर्षच चालायची. काही किरकोळ कामांना उपविधी करून सूट देण्याची वाटही त्याच कलमात ठेवली आहे.

सगळा भार येऊन पडतो तो ‘बाह्यांगातला महत्त्वाचा फेरबदल’ या शब्दांवर. जुनी खिडकी काढून त्याच मापाची नवी बसवली, तर तो असा बदल होतो का? नाही. पण खिडकीच्या खालची भिंत फोडून तिचं दार केलं, आणि ते दार रस्त्यावर उघडलं, तर? पंजाबच्या १९११ च्या नगरपालिका कायद्याने हा प्रश्न व्याख्येतच सोडवला होता: रस्त्याला किंवा दुसऱ्याच्या जमिनीला लागून असलेल्या भिंतीत त्या बाजूला उघडणारं दार काढणं म्हणजे ‘इमारत बांधणं’च. यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे. दारातून माणूस बाहेर पडतो, पायरी पुढे येते, पायरीमागून ओटा येतो, आणि काही वर्षांनी ओट्यावर दुकान उभं राहतं. रायपूरच्या सदर बाजारात किंवा गोल बाजाराच्या आसपास फिरताना घरांची रूपं पाहिली की हा प्रवास डोळ्यांना दिसतो: एकेकाळच्या राहत्या खोलीची खिडकी आज शटर आहे. अशा वेळी बदलतो तो इमारतीचा वापर, आणि म्हणूनच कायदा खिडकीपेक्षा दाराकडे अधिक संशयाने पाहतो. ते योग्यच आहे.

तिसरा थर इमारत-नियमांचा. १९७० मध्ये पहिली राष्ट्रीय इमारत संहिता निघाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. या संहितेने एक उपकार केला. कोणत्या कामांना परवानगी लागत नाही, याची यादीच दिली. खिडकी, दार किंवा झरोका उघडणं अथवा बुजवणं, दोन खोल्यांमध्ये दार काढणं, आतली पडदी, खोटं छत, गिलावा, रंग-सफेदी, फरशी नव्याने बसवणं, कौलं बदलणं, स्वतःच्या जागेवर खिडकीवर छज्जा काढणं ही कामं त्या यादीत आहेत. अट एकच, पण मोठी: या कामाने इमारतीच्या सर्वसाधारण नियमांना, मजबुतीला आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये. संहिता स्वतः कायदा नाही. राज्य आपल्या नियमांत तिला जागा देईल तेवढंच तिचं बळ. मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आणि त्याखालचे १९८४ चे भूमि विकास नियम झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा हे सगळं नव्या राज्याने स्वीकारलं, आणि १९५६ चा महापालिका कायदाही छत्तीसगडच्या नावाने चालू राहिला.

या यादीतली अट नीट वाचायला हवी, कारण इथेच घरमालक फसतो. जुन्या घरात खिडकीवर लाकडी तुळई असते किंवा विटांची कमान. चौकट काढताना ती हलली तर वरची भिंत बसते. दोन खिडक्यांमधला खांबासारखा भाग फोडून एक रुंद खिडकी करायची म्हणजे वरचा सगळा भार नव्या तुळईवर घ्यायचा. त्याला ‘फक्त खिडकी बदलली’ असं म्हणता येत नाही. हे काम नकाशावर दाखवून, वास्तुविदाच्या सहीनेच व्हायला हवं. रायपुरात याला साध्या बोलीत ‘नक्शा पास कराना’ म्हणतात आणि कागदोपत्री ‘भवन अनुज्ञा’. २०२२ च्या सुरुवातीला राज्याने ५०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांसाठी ऑनलाइन थेट भवन अनुज्ञेची सोय केली, तेव्हा नव्या घरांची वाट बरीच सोपी झाली. जुन्या घरांत आधीच झालेल्या विनापरवाना बदलांसाठी दुसरी वाट आहे: महापालिका कायद्याचं ३०८-अ कलम, ज्यात दंड भरून तडजोड होते, आणि २००२ चा अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा.

रस्ता आणि खिडकी यांची गाठ रायपुरात सर्वांत घट्ट कुठे पडली असेल तर जी. ई. रोडवर. नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग, रायपूर असा येणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड शहराच्या पोटातून जातो. आमापाऱ्याकडून तात्यापारा चौकापर्यंत तो रुंद झाला. पुढे तात्यापारा ते शारदा चौक हा तुकडा मात्र अरुंद राहिला, आणि त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षं शहराच्या राजकारणात गाजत राहिला. रुंदीकरण म्हणजे घराचा दर्शनी भाग जाणं. दिंडी असलेलं दार जातं, सज्जा जातो, आणि काल जी आतली भिंत होती तीच उद्या रस्त्याची भिंत होते. तिच्यात नवं दार, नव्या खिडक्या काढाव्या लागतात, आणि त्या क्षणी वर सांगितलेले तिन्ही थर एकदम त्या घराला लागू होतात: रस्त्याची रेषा पाळायची, बाह्यांगाची परवानगी घ्यायची, आणि बाजूच्या घराशी उजेडाचा नवा हिशोब मांडायचा. ज्या घरांना हे सोसावं लागतं, त्यांना भरपाईबरोबर नव्या दर्शनी भागाची परवानगीही एकाच खिडकीवर, एकाच अर्जात मिळायला हवी. अरुंद पट्टीवर उरलेल्या घराला तीन कचेऱ्यांत पाठवणं अन्यायाचं आहे.

जुनं रूप जपायचं म्हणून परवानगी मागणारे नियम वेगळे. १९९५ मध्ये मुंबईने भारतात प्रथमच शहरी वारशाचे नियम लागू केले; यादीतल्या इमारतीची बाहेरून दिसणारी खिडकी बदलायला तिथे वारसा समितीचं मत लागतं. छत्तीसगडात असा प्रश्न भोसल्यांच्या जुन्या राजधानीत, रतनपुरात येतो, पण केंद्राच्या कायद्याने. रतनपूरचा किल्ला आणि कंठी देऊळ ही केंद्र-संरक्षित स्मारकं आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, आणि आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करायलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. रायपूरच्या गल्लीत सहज होणारं काम तिथे रीतसर अर्ज मागतं. तात्यापारा, बूढापारा, पुरानी बस्ती या भागांत उरलेल्या कोरीव चौकटींची छायाचित्रांसह नोंद तरी आता व्हायला हवी. त्याला कायदा लागत नाही, शाळा-महाविद्यालयांची मुलंही ती करू शकतात.

आज रायपुरात खिडकी बदलण्याचं मुख्य कारण लाकूड सडणं किंवा वाळवी, आणि दुसरं एसी. सागवानी झडपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची सरकती खिडकी येते. माप तेच, भोक तेच, म्हणून परवानगी नको; इथवर कायदा आणि घरमालक यांचं एकमत आहे. फरक पडतो तो वाऱ्यात. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जातो. २०१८ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको-निवास संहितेने हा हिशोब मांडला: दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीची उघडती जागा ५० टक्के धरायची, बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीची ९० टक्के. रायपूर ज्या संमिश्र हवामानाच्या गटात येतं, तिथे उघडती जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के हवी. हा हिशोब संहिता पूर्ण इमारतीसाठी करते, पण एका खोलीवर तो करून पाहिला की गोष्ट उमगते. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट उघडती जागा हवी. चार बाय चार फुटांची जुनी झडपांची खिडकी १४.४ चौरस फूट देते, म्हणजे जवळपास पुरी. तिच्याच जागी बसलेली सरकती खिडकी देते ८.

जुन्या घरांना ही संहिता बांधत नाही. ती नव्या आणि मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, आणि तीही राज्याने आपल्या नियमांत आणल्यावर. पण तात्यापाऱ्यातल्या एखाद्या घरात फॅब्रिकेटर टेप घेऊन चौकट मोजायला येतो, तेव्हा त्याला सरकती नको, बिजागरीची बसव, वरच्या-खालच्या झडपा वेगळ्या ठेव, असं सांगणं पूर्णपणे घरमालकाच्या हातात आहे, आणि त्यासाठी नगर निगमच्या कुठल्याही झोन कार्यालयात जावं लागत नाही.